दसऱ्याच्या आत नऊ रिंगा

१९९८ साली, दसऱ्याला बरोबर बावीस दिवस उरलेले असताना, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी श्रीकृष्ण खानविलकरांच्या इंपालाने वळायला नकार दिला. समा भागातल्या त्यांच्या सोसायटीत पार्किंगपासून फाटकापर्यंत एकच वळण होते. इंपालाने ते मानले नाही. ती सरळ गेली आणि सोसायटीच्या नव्या सूचना फलकाला भिडली. फलक कोणतीही घाई न करता मागे कलला, मग पुढे आला आणि बॉनेटवर उताणा पडला. त्यावर सोमवारपासून एकच सूचना होती: ज्या सभासदांच्या वाहनांतून सामायिक जागेत तेल गळते, त्यांनी बंदोबस्त करावा. अशी वाहने असलेला सभासद सोसायटीत एकच होता, आणि आता सूचना त्याला काचेतून वाचता येईल अशा बेताने पडली होती.

गाडी १९६३ सालची आणि साडेसतरा फूट लांब. एवढे धूड वळवायला माणसाचे हात पुरत नाहीत, म्हणून तिला पॉवर स्टिअरिंग दिलेले होते. इंजिनावर फिरणारा एक पंप तेलाला जोर देतो, गाडीच्या पोटाखालचा एक व्हॉल्व त्या तेलाला डावीकडे जा किंवा उजवीकडे जा असे सांगतो, आणि एक लांबट सिलिंडर चाके त्या बाजूला ढकलतो. मध्ये जिथे जिथे सांधा आहे तिथे रबराची रिंग किंवा सील. पस्तीस वर्षांत त्या रबराचे बिस्किट झाले होते. तेल आत ओतले की ते थोडा वेळ आत विश्रांती घेई आणि मग सामायिक जागेत येई.

गाडी अडली म्हणून खानविलकरांचे एरवी काही अडले नसते. श्रीकृष्ण शहराबाहेरच्या एका खत कारखान्यात खरेदी विभागात होते आणि कारखान्याच्या बसने जात. सुनंदाबाईंची लूना होती. घरात तीन वर्षांपूर्वी घेतलेली मारुतीसुद्धा होती. प्रश्न आबासाहेबांचा होता. आबासाहेब म्हणजे श्रीकृष्णांचे वडील, दत्ताजीराव खानविलकर, सेवानिवृत्त उपजिल्हाधिकारी, वय ऐंशी. मारुतीत किंवा रिक्षात बसायला वाकावे लागते. वाकणे त्यांना डॉक्टरांनी मे महिन्यात, खुब्याच्या ऑपरेशननंतर मना केले होते. स्वभावाने त्याच्या बरेच आधी. इंपालाच्या मागच्या दारातून मात्र माणूस उभा असल्यासारखाच आत जाई आणि खुर्चीवर बसावे तसा बसे.

आणि दसऱ्याला त्यांना फतेगंजात जायचे होते. तिथे संपतराव घाटगे राहत. दोघे बडोदे संस्थानच्या महसुलात एकाच दिवशी उमेदवार म्हणून लागले होते आणि त्यानंतर एकमेकांच्या प्रत्येक निकालाबद्दल साठ वर्षे मतभेद बाळगून होते. दसऱ्याला संध्याकाळी पाच वाजता आबासाहेबांनी संपतरावांना सोने द्यायला जायचे, हा रिवाज एकेचाळीस वर्षांत चुकला नव्हता. संपतराव फेब्रुवारीपासून गॅलरीतून खाली उतरले नव्हते. दिवाळीनंतर त्यांचा मुलगा त्यांना कायमचे पुण्याला नेणार होता. घराचा सौदासुद्धा झाला होता. म्हणजे हा शेवटचा दसरा. हे घरात कोणी बोलत नसे, पण सकाळच्या चहाला आबासाहेब कॅलेंडरकडे बघत आणि बाकीचे त्यांच्याकडे.

"किती दिवस लागतील?" त्यांनी त्या सकाळी विचारले.

"मिस्त्रीला बोलावलंय, आबासाहेब. तो बघेल आणि सांगेल."

"मी मिस्त्रीला विचारत नाही, कृष्णा. तुला विचारतोय."

मिस्त्री यायच्या आत शेजारी आले. बॉनेट उघडे दिसले की बडोद्यातल्या माणसाला आपले ज्ञान घरात ठेववत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी ब्रेकचे तेल घालायला सांगितले. त्याने रबर फुगते. तळमजल्यावरच्या चारुलताबेनने गाडीचे तोंड दक्षिणेला आहे याकडे लक्ष वेधले. त्यांनी नुकताच वास्तुशास्त्राचा रविवारचा वर्ग लावला होता आणि आठवड्याभरात सोसायटीतल्या सहा पलंगांच्या दिशा बदलून झाल्या होत्या. गाडीचे तोंड उत्तरेला करा, असे त्यांचे म्हणणे पडले. ते करण्यासाठी गाडी वळावी लागेल, हे श्रीकृष्णांनी शांतपणे सांगितले.

सेक्रेटरी जशुभाई अमीन मात्र थेट गाडीखाली शिरले. ते रिफायनरीच्या मेंटेनन्समधून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर त्यांना दुरुस्त करायला फक्त सोसायटी उरली होती. सूचना त्यांनीच लावली होती. आता फलक मोडलेला असूनही ते आनंदात होते, कारण त्यांना पाच वर्षांनी खरा गळका सांधा बघायला मिळत होता.

"खानविलकरसाहेब," खालून आवाज आला, "तमे टेन्शन नको घ्या. तुमचं सगळं जाय छे. व्हॉल्व गळे छे, सिलिंडर गळे छे. बद्धुं नवं."

"म्हणजे किती?"

"एक नाही बदलायचं. एक बदललं तर प्रेशर दुसरीकडून निघेल. आखो सेट."

साडेदहाला भीखाभाई मिस्त्री स्कूटरवरून आले. फतेगंजच्या मागे त्यांचे गॅरेज होते आणि इतक्या जुन्या अमेरिकन गाड्यांना हात लावणारे शहरात तेच उरले होते. त्यांनी वाकून एकदा पाहिले आणि हात पुसले. "साहेब, आ गाडी नथी. आ तो गळणी छे."

दोन मोठी सीले, झालरीचे एक रबरी टोपण आणि वेगवेगळ्या मापांच्या नऊ रिंगा, असा संच लागेल, तो अमेरिकेतच मिळेल आणि आला की आपण दोन दिवसांत बसवून देऊ, असे त्यांनी सांगितले. "पण नोरतां पहेलां," ते स्कूटरला किक मारताना म्हणाले. नोरतां म्हणजे नवरात्र. त्या नऊ रात्री भीखाभाई मिस्त्री नसत, ढोलवादक असत.

अमेरिकेत सिद्धार्थ होता. संगणकांची वर्षे दोन हजार साली चुकणार म्हणून जी मुले तिकडे गेली, त्यांतला तो श्रीकृष्णांचा मुलगा. त्याला सांगितले की काम होईल, हे श्रीकृष्णांनी दुपारी जेवताना जाहीर केले. आबासाहेबांनी घास थांबवला.

"पितृपक्ष चालू आहे. या पंधरवड्यात घरात नवीन वस्तू येणार नाही."

"आबासाहेब, ही दुरुस्ती आहे. नवीन वस्तू नाही."

"रबर जुनं आहे का?"

"नाही."

"मग?"

सुनंदाबाईंनी वाढता वाढता विचारले, "आणि मागच्या आठवड्यात मिक्सरचं भांडं आलं ते?"

"ते पौर्णिमेच्या आधी आलं," आबासाहेब म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. महसुलातली चाळीस वर्षे त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेली आणि त्यांनी निकाल दिला. अमेरिकेत घेतलेली वस्तू घरात आली असे होत नाही. तिकडे खुशाल घ्यावी. मात्र ती घटस्थापनेच्या आधी या उंबऱ्याच्या आत येऊ नये.

या निकालाने भीखाभाईंची अट आपोआप मोडली. पितृपक्षात वस्तू येणार नाही आणि नवरात्रात मिस्त्री नसणार. या दोहोंच्या मध्ये पंचांगात एकही दिवस नव्हता. श्रीकृष्णांनी ते तपासून पाहिले, दोन पंचांगांत.

रविवारी सकाळी सिद्धार्थचा फोन आला. "बाबा, मिळालं. कॅटलॉगमध्ये होतं. तीन दिवसांत घरपोच."

श्रीकृष्णांना थोडे लागलेच. सव्वीस वर्षे ते कारखान्यासाठी व्हॉल्व, पॅकिंग आणि सीले खरेदी करीत होते आणि तीन दिवसांत त्यांच्याकडे चौकशीपत्राची पोचसुद्धा येत नसे.

"जशुकाकांच्या बहिणीबरोबर पाठवतोय," सिद्धार्थ म्हणाला. "सविताबेन. गरब्यासाठी येतायत, नडियादला उतरतील. आणि बाबा, काळजी करू नका, खोका, लेबलं, पावती, सगळं काढून टाकलंय. कस्टमवाल्यांना कळायलाच नको. साध्या पिशवीत घातलंय."

लेबल नसलेली एकही वस्तू श्रीकृष्णांनी आजवर कारखान्याच्या स्टोअरमध्ये शिरू दिली नव्हती. या एका सवयीपायी दोन पुरवठादार त्यांच्याशी बोलत नसत. पण फोन परदेशातून होता, मुलगा हुशारीने वागला होता, आणि अमेरिकेहून येणाऱ्या प्रत्येक वस्तूचे लेबल काढायचे असते हे बडोद्यातल्या प्रत्येक घराला माहीत होते. "शाबास," ते म्हणाले.

घटस्थापना झाली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून श्रीकृष्ण नडियादला गेले. सविताबेन दिवाणखान्यात उघड्या बॅगांच्या मध्ये बसल्या होत्या. त्यांनी आवो आवो करून बसवले, पाणी दिले, चहा दिला, सिद्धार्थ बारीक झाल्याचे सांगितले. मग पिशवीचा विषय निघाला.

"रबरनी रिंगो?" सविताबेन विचारात पडल्या. "ए तो बरणीनी हती."

"कोणत्या बरणीची?"

प्रकरण असे होते. सविताबेनने नातेवाइकांना द्यायला प्लॅस्टिकच्या पारदर्शक बरण्या आणल्या होत्या. बॅग उघडली तेव्हा बरण्यांच्या शेजारी साध्या पिशवीत रबराच्या रिंगा. त्यांनी मोजल्या. बरण्या नऊ, रिंगा नऊ. लहान बरणीला लहान, मोठीला मोठी. झाकणाखाली बसवून पाहिल्या तर अशा घट्ट बसल्या की बरणी उलटी केली तरी थेंब सांडेना. आपल्याकडे असे करीत नाहीत, असे त्या सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या आणि आदल्याच दिवशी बरण्या वाटून मोकळ्या झाल्या होत्या. मोठी दोन सीले आणि झालरीचे टोपण मात्र टीव्हीवर फुलदाणीशेजारी होते. ते काय आहे हे कोणालाच कळले नव्हते, म्हणून त्यांना मानाची जागा मिळाली होती.

"मग परत मागून घेऊ या," श्रीकृष्ण म्हणाले.

सविताबेनने कानाला हात लावला. दिलेली भेट परत मागायची म्हणजे पुढच्या तीन लग्नांना तोंड दाखवता येणार नाही. त्यांनी वेगळी युक्ती काढली. बाजारातून केसांना बांधायची रबरे घेतली आणि म्हणाल्या, की आपण भेटायला जाऊ, बरणीचे कौतुक करू, आतले लोणचे चाखू, आणि झाकण लावताना रिंग बदलू. ते काम मी करीन, तुम्ही फक्त खा.

घरे चार होती. पहिल्या घरी कैरीचा छुंदा आणि चहा. दुसऱ्या घरी गोडकेरी, मेथीचा मसाला, मोहनथाळ आणि चहा. तिसऱ्या घरी गृहस्थ हे कोण म्हणून विचारू लागले, तेव्हा सविताबेनने ते खत कारखान्याचे मोठे साहेब आहेत असे सांगितले, आणि श्रीकृष्णांना त्या गृहस्थांच्या पाच बिघ्यांतल्या तंबाखूला युरिया किती द्यावा यावर वीस मिनिटे बोलावे लागले. त्यांनी आयुष्यात खत विकत घेतले नव्हते. खताच्या कारखान्याचे नटबोल्ट घेतले होते. तरी ते बोलले. चौथ्या घरून निघताना त्यांच्या खिशात तेलात न्हालेल्या आठ रिंगा होत्या, शर्टावर हळदीचा डाग होता आणि पोटात चार प्रकारच्या आंब्यांचे भांडण चालू होते.

नववी रिंग ज्या बरणीवर होती, ती बरणी त्याच सकाळी एका मेहुण्याच्या सामानातून लंडनला निघून गेली होती.

"आठांवर नाही का चालणार?" घरी आल्यावर सुनंदाबाईंनी विचारले. त्या रिंगा गरम पाण्यात साबण घालून धूत होत्या.

"नाही चालणार."

"अहो, त्या अमेरिकेतल्या बायकांना कसं कळत असेल, कोणती बरणीची आणि कोणती गाडीची?"

"लेबल असतं," श्रीकृष्ण म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

आता मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीला जाणे आले. तिथे रबराची सीले बनवणारा एक छोटा कारखाना जशुभाईंनी सांगितला. कॅटलॉगमधले नवव्या रिंगेचे माप सिद्धार्थकडून फोनवर घेऊन श्रीकृष्ण शनिवारी काउंटरपाशी उभे राहिले. पलीकडे चाळिशीतले मालक होते. त्यांनी कागद पाहिला. "होऊन जाईल. कमीत कमी पाचशे नग."

"मला एक हवी आहे."

"एक म्हणजे सँपल. सँपल आम्ही कंपनीला देतो. माणसाला नाही. लेखी मागणी आणा. लेटरहेडवर, तीन नकला, सहीशिक्क्यानिशी."

हे वाक्य श्रीकृष्णांच्या ओळखीचे होते. ते त्यांचेच होते. सव्वीस वर्षे, शब्दांच्या याच क्रमाने. काउंटरच्या या बाजूने ते इतके उर्मट वाटेल याची त्यांना कल्पना नव्हती.

मालकांनी चष्मा वर केला. "तुम्ही खत कारखान्याचे खानविलकरसाहेब ना? चौऱ्याण्णव साली आमचं कोटेशन तुम्ही परत पाठवलं होतं."

"काही त्रुटी असेल."

"हो. शिक्का तिरका होता."

श्रीकृष्णांनी कागद घडी करून खिशात घातला. मग श्रीकृष्ण घरी गेले. त्यांच्याजवळ स्वतःचे लेटरहेड नव्हते आणि कारखान्याचे वापरणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. शेवटी आबासाहेबांच्या कपाटातून जुना कागद निघाला आणि सेवानिवृत्त उपजिल्हाधिकारी असा गोल शिक्काही. वडिलांच्या हुद्द्याने रिंग मागवावी लागते, हे चोपन्नाव्या वर्षी श्रीकृष्णांना बरे वाटले नाही. आबासाहेबांना मात्र फार बरे वाटले. त्यांनी तिन्ही नकलांवर स्वतः शिक्का मारला. पट्टी लावून, सरळ. सोमवारी संध्याकाळी रिंग मिळाली. मालकांनी ती लेबल लावलेल्या पाकिटात दिली.

दसरा गुरुवारी होता. राहिले दोन दिवस.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता श्रीकृष्ण गॅरेजवर गेले. शटर अर्धे वर होते आणि आत खाटेवर भीखाभाई झोपले होते. शेजारी ढोल होता. बाहेर त्यांच्या पत्नी भाजी निवडत होत्या. "सूता छे," त्या म्हणाल्या. अकराला गेले तेव्हाही सूता छे. भीखाभाई पहाटे चारला घरी येत, दोनला उठत, अडीचला जेवत आणि पाचला ढोलाची पाने ताणायला मांडवात जात. म्हणजे नवरात्रात गाड्यांसाठी त्यांच्याकडे दिवसाला दोन तास उरत, त्यातही बोटे सुजलेली.

मंगळवारी ते सोसायटीत आले आणि दोन तासांत जुना व्हॉल्व उतरला. बुधवारी, नवमीला, दोन तासांत नवी सीले आणि नऊ रिंगा बसल्या. भीखाभाईंच्या हातांना अजून रात्रीचा ठेका होता. पाना धरलेला हात मधूनच दोनदा आपटे. एका रिंगेचा वास घेऊन ते थांबले. "साहेब, आ तो मेथी."

"बसवा," श्रीकृष्ण म्हणाले.

साडेचारला इंजिन चालू केले. गाडीखाली जशुभाईंनी वर्तमानपत्रे अंथरली होती आणि सगळी सोसायटी वाकून त्यांकडे बघत होती. पाच मिनिटे झाली. एक थेंब पडला नाही. जशुभाईंच्या डोळ्यांत पाणी आले, निदान तसे दिसले. तेवढ्यात चारुलताबेन म्हणाल्या, "पण चक्र कोण फिरवतंय?"

कोणीच फिरवत नव्हते. ड्रायव्हरच्या जागेवर कोणी बसलेलेच नव्हते, आणि स्टिअरिंग आपले आपण, शांतपणे, डावीकडे चालले होते.

"व्हॉल्वनुं सेटिंग," भीखाभाई घड्याळ बघत म्हणाले. "एक नट फेरववानो छे, बस. तेलाला वाटतंय डावीकडेच जायचंय. काले सवारे दस मिनिटनुं काम." आणि ते ढोल ताणायला गेले.

दसऱ्याच्या सकाळी फाफडा आणि जिलबीच्या रांगेत श्रीकृष्णांनी त्यांना गाठले. भीखाभाई ताजेतवाने होते, हसत होते, आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. गॅरेजमधली सगळी हत्यारे धुऊन, कुंकू लावून, हार घालून पूजेला मांडली होती. "आजे हाथ न लगाय, साहेब. वरसमां एक दिवस एने पण आराम."

श्रीकृष्ण घरी परतले. त्यांच्याकडे स्वतःच्या पान्यांचा पूर्ण संच होता. तो खंडेनवमीपासून देवघरापुढे पाटावर होता, झेंडूच्या फुलांखाली, आबासाहेबांच्या आजोबांच्या तलवारीशेजारी.

"आबासाहेब, फक्त एक पाना. चौदा नंबरचा."

"पूजेतलं हत्यार उचलत नाहीत. उद्या उत्तरपूजा झाली की घे."

"पण आज जायचंय."

"मग जाऊ. जायला पाना कशाला लागतो?"

जशुभाईंचे पाने त्यांच्या देवघरात होते. बँकवाल्यांकडे एकच पाना होता, त्यालाही कुंकू. त्या दिवशी बडोद्यात एकही पाना मोकळा नव्हता.

साडेचार वाजता आबासाहेब धोतर, काळा कोट आणि टोपी घालून खाली आले. ते मागच्या आसनावर डाव्या बाजूला बसले. अधिकारी डाव्या बाजूलाच बसतो. हातात आपट्याची डहाळी होती. सुनंदाबाई लूनावर पुढे निघाल्या, रस्ता मोकळा करायला. आबासाहेबांनी ते पायलट गाडी असल्यासारखे मनात नोंदवून घेतले. श्रीकृष्णांचा उजवा खांदा जानेवारीपासून आखडलेला होता. सरळ रस्त्यावर गाडी डावीकडच्या प्रत्येक दुकानात जायला बघे आणि ते तिला दोन्ही हातांनी बाहेर ओढत. झेंडूच्या टोपल्या मांडून बसलेल्या बायका टोपल्या मांडीवर घेत होत्या. वाटेत उजवी वळणे तीन होती. पहिले त्यांनी दात खाऊन काढले. दुसऱ्याला खांद्यात काहीतरी वाजले. तिसऱ्या वळणाला एक रिक्षावाला थांबून कौतुकाने बघू लागला, आणि ते वळण कसे पार पडले हे श्रीकृष्णांना पुढेही नीट सांगता आले नाही. एवढे मात्र कळले, की आता हा हात आज पुन्हा उजवीकडे वळणार नाही.

पाचला चार मिनिटे कमी असताना गाडी घाटग्यांच्या घरासमोर आली आणि थांबता थांबता तिने शेवटचा आग्रह केला. डावी बाजू कंपाउंडच्या भिंतीला जाऊन टेकली. ओरखडा नाही, पण मध्ये दार उघडायला बोटभरसुद्धा जागा नाही.

"आबासाहेब, या बाजूने उतरावं लागेल. जरा सरकून या."

"मी सरकत नसतो," आबासाहेब म्हणाले. ते खरेही होते. खुब्यात खिळा होता.

वर गॅलरीत संपतराव आरामखुर्चीतून पुढे झुकले. "दत्ताजी, आलास ना? मग उतर की."

"दार उघडत नाही."

"काय म्हणतोस?"

"दार."

"कोण गार?"

असे थोडा वेळ चालले. भिंतीपलीकडची जास्वंद आबासाहेबांच्या खिडकीत आली होती आणि ते तिच्यातून वर बघत होते. डहाळी त्यांच्या हातात तशीच होती. श्रीकृष्णांनी इंजिन बंद केले नव्हते. बंद करावे की नाही हेही त्यांना सुचत नव्हते. बावीस दिवसांची धावपळ या भिंतीपाशी, बोटभर जागेसाठी अडली होती, आणि वरचा म्हातारा आणि खालचा म्हातारा एकमेकांना अर्धे दिसत होते.

मग गॅलरीतली आरामखुर्ची रिकामी झाली.

जिन्यावरून आधी सुनेचा आवाज आला, अहो थांबा, अहो पडाल. मग काठीचा. सुनंदाबाई लूना लावून आत धावल्या. बारा पायऱ्या उतरायला संपतरावांना नऊ मिनिटे लागली; श्रीकृष्णांनी घड्याळ पाहिले, कारण दुसरे काही पाहण्याचे धैर्य नव्हते. फाटकातून बाहेर येऊन संपतरावांनी गाडीला उजवीकडून वळसा घातला, दार उघडले आणि आत बसले. दार लागले. दोघांनी एकमेकांकडे बघितले नाही. आबासाहेबांनी डहाळीचे एक पान तोडून दिले. संपतरावांनी ते टोपीत खोचले आणि त्याच डहाळीचे एक पान तोडून परत दिले.

"बारीक झालास," संपतराव म्हणाले.

"तू नाही झालास."

"कृष्णा, चल."

"कुठे, काका?"

"कुठेही. फेब्रुवारीपासून मी हा एकच रस्ता बघतोय. तोही वरून."

श्रीकृष्णांनी गाडी भिंतीपासून थोडी मागे, मग पुढे घेतली. आपण आता फक्त एकाच बाजूला वळू शकतो, हे सांगायला त्यांनी तोंड उघडले होते. आरशात दोघेही पाठ ताठ करून, दोन खिडक्यांतून दोन बाजूंना बघत बसले होते. त्यांनी तोंड मिटले. पहिल्या कोपऱ्यावर ते डावीकडे वळले. दुसऱ्या कोपऱ्यावर डावीकडे. मागे पेटलादच्या एका जमिनीचा विषय निघाला होता, १९५२ सालचा, आणि निकाल कोणाचा बरोबर होता यावर आवाज चढत होता. तिसरा कोपरा, डावीकडे. चौथा. घाटग्यांचे घर आले आणि गेले. फाटकात सुनंदाबाई आणि सून उभ्या होत्या. सुनंदाबाईंनी थांबायची खूण केली, मग ती अर्धवट सोडून दिली.

दुसऱ्या फेरीत पेटलादची जमीन संपली आणि कोणाच्या तरी लग्नातल्या जेवणावर आले. तिसरी फेरी सुरू झाली. ऊन उतरले होते, घरांच्या दारांना तोरणे होती, मुले नवे कपडे घालून हातात पाने घेऊन घरोघर चालली होती. संपतराव काचेला नाक लावून बघत होते. घर पुन्हा आले.

"दत्ताजी," ते म्हणाले, "हे घर थेट माझ्या घरासारखं आहे. गॅलरीसुद्धा."

आबासाहेबांनी आपल्या खिडकीतून त्या गॅलरीकडे, खालच्या फाटकाकडे आणि फाटकात उभ्या असलेल्या आपल्या सुनेकडे पाहिले. मग आरशातून श्रीकृष्णांकडे.

"फतेगंजात अशी घरं पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "कृष्णा, पेट्रोल आहे ना?"

"आहे, आबासाहेब."

"मग सरळ घे. थांबू नकोस."

"हो," श्रीकृष्ण म्हणाले, आणि कोपऱ्यावर डावीकडे वळले.